आमच्या तिकडं

अक्का, लुगडं वेळेत पोचलं. खरं तर तुम्हाला हे सांगायची गरज नाही, तेच नेसून गेलात तुम्ही. पण सवय जात नाही. आजवर इथून काहीही पाठवलं, हळद, चटणी, भडंग, की ते पोचलं का हे कळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा, आणि तुम्ही मुद्दाम दोन दिवस सांगायचं टाळायच्या. या वेळी अनितानं लगेच कळवलं. तुमची लेक तुमच्यासारखी खोडसाळ नाही.

समोरच्या घरातली नवी सून परवा विचारत होती, "काकू, त्या गेल्या त्या तुमच्या कोण वो?" म्हटलं, थोरली नणंद. सांगलीत जन्मली, मिरजेला नर्सिंग शिकली आणि ऐन तरुणपणी विमानात बसून स्कॉटलंडला गेली, ॲबर्डीन नावाच्या गावाला. तिथंच नोकरी, तिथंच एका कऱ्हाडच्या इंजिनिअरशी लग्न, तिथंच एक मुलगी, तिथंच म्हातारपण, आणि आता हेही तिथंच. सून म्हणाली, "म्हंजी तिकडच्याच की वो त्या." मी हो म्हणणार होते. अगदी तोंडाशी आलेलं हो मी गिळलं, आणि का गिळलं ते तुम्हाला सांगायला बसले आहे. शिलाई मशीन बंद आहे, लग्नसराईचे ब्लाऊज पडून आहेत, बायका शिव्या घालतील. घालू देत.

पहिला घोळ सुतकाचा झाला. आपल्याकडे माणूस गेलं की सगळं पळत्या पायांनी होतं. सकाळी गेलं की दुपारी नेलं, लांबचा कुणी यायचा असला तर फार तर संध्याकाळ. अनिताचा फोन आला आणि मीही तशीच पळायला लागले. गॅसवरचा भात उतरवला, देवपूजा थांबवली, शेजारच्या इंदूकाकूंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "दिलेल्या लेकीचं म्हायेरी तीनच दिस." मग अनिताला विचारलं, कधी नेणार? ती म्हणाली, "मामी, इथं नंबर लागतो. दोनेक आठवडे तरी." म्हणजे माझं सुतक फिटलं, मी न्हाऊन मोकळी झाले, देवाला फुलं वाहिली, आणि तुम्ही अजून तिथल्या थंड खोलीत पडलेल्या. इंदूकाकूंना विचारलं, आता काय करायचं? त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "आपल्यात असं कुणी मेलंच न्हाई गं आजवर." तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. आमच्या तिकडं मेल्यावरबी रांगेत उभं ऱ्हावं लागतंय सुमे, असं काहीतरी म्हणाला असता.

हे "आमच्या तिकडं" माझ्या डोक्यात जायचं, अक्का. स्टेशनवरून रिक्षात बसल्यापासून तुमचं सुरू. आमच्या तिकडं कुणी हॉर्न वाजवत नाही. आमच्या तिकडं थांब्यावर लिहिलेल्या वेळेला बस येते. आमच्या तिकडं म्हातारं माणूस रस्ता ओलांडायला लागलं की गाडी आपण होऊन थांबते. मी मनात म्हणायचे, मग राहायचं की तिकडंच. कधी कधी मनातलं बाहेरही पडायचं. तुम्हाला राग यायचा नाही, त्याचाच मला जास्त राग यायचा. टाळी वाजवायला तुम्ही दुसरा हातच द्यायच्या नाहीत.

पण एक आहे. बाकीचे कंटाळून उठून जायचे तेव्हा मी मात्र तिथंच बसून राहायचे. वरून तोंड वाकडं आणि आतून पुढचं ऐकायची घाई. मी ॲबर्डीन बघितलं नाही, पासपोर्टच काढला नाही कधी. तरी मला ठाऊक आहे की ते सगळं गाव करड्या दगडाचं आहे, आणि पाऊस पडून ऊन आलं की तोच दगड चमकतो. समुद्रावरचे पांढरे पक्षी इतके धीट की हातातला पाव पळवतात. तुमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बेकरी आहे आणि तिथं एक चपटा खारट पाव मिळतो, जो तुम्ही चहात बुडवून खायच्या आणि आपल्या खारीचा चुलतभाऊ म्हणायच्या. जूनमध्ये तिथं जेवणंखाणं आटोपल्यावरसुद्धा बाहेर उजेड असतो. हे मला कसं पटणार? मी विचारायचे, "मग दिवा कवा लावायचा देवाला?" तुम्ही म्हणायच्या, "देवालाबी तिकडं सवय झालीया."

आणि गंमत बघा. एवढी तुम्ही परदेशी, आणि मंडईत वांगी निवडताना त्या भाजीवालीनं तुम्हाला विचारलं, "आज्जी, कंच्या खेड्यातनं आलाय?" आठवतंय का? तुमची मराठी तुम्ही निघताना ट्रंकेत घालून नेली होती आणि जशीच्या तशी परत आणायच्या. इकडं सांगली पुढं सरकली, पोरं पुण्याचं बोलायला लागली, आणि तुम्ही आपल्या "कवा", "तवा", "लय ग्वाड" करत मंडईभर फिरायच्या. तुमचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं झालं होतं. मी घरी येईपर्यंत हसत होते. तुम्ही एवढंच म्हणाला, "ती बरोबर वळखली मला."

पुराच्या दिवसांत तर कोण कुठं राहतं हेच कळायचं नाही. आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आलं, हे मला इथं नदीपासून हाकेच्या अंतरावर बसून कळायच्या आधी तुम्हाला तिथं कळलेलं असायचं. मी झोपेतून उठून फोन घ्यावा तर पलीकडून हुकूम. "सुमे, कोयनेतनं सोडलंय. लोणच्याच्या बरण्या वर ने. बरण्या ऱ्हाऊ देत, मशीन आदी ने." मी म्हणायचे, आवं अक्का, अंगणसुद्धा ओलं नाही अजून. पण न्यायचे. आणि दोन वेळा तरी तुमच्यामुळंच माझं मशीन वाचलं.

आता ते भांडण काढते, जे आपण अर्धं सोडलं. गेल्या हिवाळ्यात गच्चीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. तुम्ही नुकतंच, आमच्या तिकडं वाटाणा सोललेला मिळतो, असं म्हणाला होता, आणि माझं डोकं सणकलं.

"आवं अक्का, एकदा खरं सांगा. तुमचं गाव कुठलं?"

"आदी तू सांग. शिराळ्याची का सांगलीची?"

"माझं काय इचारताय? शिराळ्यात जन्मले, सांगलीला दिली. आता सांगलीची."

"मग नागपंचमी जवळ आली की तोंड का उतरतंय तुझं?"

"ते म्हायेर हाय."

"मग? मला इचारायला बरी जीभ उचलती. बाईच्या जातीला दोन गावं असत्यातच की गं. तुझं येष्टीनं जायच्या अंतरावर हाय, माझं इमानानं. लोक तुला कुठं इचारत्यात, खरी कुठली म्हणून?"

मी म्हटलं, मी काही शिराळ्याला जाऊन सांगलीचं कौतुक करत बसत नाही. तुम्ही म्हणाला, "करतीस. तुझ्या भावजयीला इचार, ती काय म्हणती ते." मी म्हटलं, साफ खोटं. आणि पावट्याचं टरफल तुम्हाला फेकून मारलं. तुम्ही ते पदरातून झटकलं आणि खाली चहा टाकायला गेला. विषय तिथंच राहिला.

खरं म्हणजे मला वेगळंच विचारायचं होतं. भाऊ आहे तोवर माहेर, असं आपल्यात म्हणतात. तुमचा भाऊ गेला तेव्हा मला वाटलं, आता अक्कांचं येणं थांबणार. इथं राहिलं कोण? मी. परक्या घरची, तुमच्या माहेराला सासर म्हणणारी. मुलगा पुण्याला, त्याला त्याचे व्याप. पण तुम्ही उलट, आधी दोन-तीन वर्षांतून यायच्या त्या दर हिवाळ्याला यायला लागला. महिना-दीड महिना. आणि आधी रविवारी फोन करायच्या, तो रोज करायला लागला. तोही नेमका मी ताट वाढून बसले की. हातात भाकरी, तोंडात घास, आणि फोन वाजणार.

"जेवायला बसलीस?"

"बसतीय."

"मग बस. मी हाय."

काय बोलायच्या हो तुम्ही? काहीच नाही. आज भाजी काय. मीठ कमी झालं का. इथं वारं सुटलंय. कधी कधी नुसताच चहाच्या कपाचा आवाज. इथं साडेआठ, तिथं दुपारचा चहा. डिसेंबरात तर तुमच्याकडंही तेव्हाच अंधारायला लागलेलं असायचं, तुमच्या खिडकीत सांज आणि माझ्या खिडकीत काळोख. मला वाटायचं, दाजींच्या मागं अक्कांना तिकडं करमत नाही. एवढ्या मोठ्या बाईला बोलायला कुणी नाही. बिचारी. म्हणून मी भाकरी गार होऊ द्यायची आणि फोन ठेवायची नाही. मी तुम्हाला सोबत करत होते, अक्का. असं मी समजत होते.

मग आता मला सांगा, तुम्ही यायच्या त्या कुणासाठी? सांगलीसाठी, भावाच्या आठवणीसाठी, का मंडईतल्या वांग्यांसाठी? विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी टोमणा मारून वेळ मारून नेली असती. तरी विचारायला हवं होतं. राहून गेलं.

अनितानं पहिल्याच फोनवर रडत रडत सांगितलं होतं, "मामी, आईनं सांगून ठेवलंय. लुगडं माहेरचं पाहिजे. तू निवडलेलं." मी काही ऐकून घेतलं नाही, पिशवी घेतली आणि कापडपेठेत धावले. एका पायात माझी चप्पल आणि एका पायात इंदूकाकूंची. दुकानात लग्नाचा बस्ता चाललेला, गादीवर शालूंचे ढीग, चहाचे कप, पोरीची आई रंगावरून कुणाशी तरी भांडतेय. मालकानं माझं तोंड बघितलं आणि सगळं बाजूला सारून पुढं आला. अशा वेळी दुकानदार काही विचारत नाही आणि आपण भाव करत नाही. नवरा गेलेल्या बाईला पांढरं, म्हणून मी बारीक काठाचं पांढरं घेतलं आणि घरी येऊन धापा टाकत अनिताला फोन केला, घेतलं, आता कसं पाठवू? तेव्हा ते दोन आठवड्यांचं कळलं.

आपल्यात मयताचं लुगडं कुणी निवडत नाही, अक्का. तेवढा वेळच नसतो. जे हाताला लागेल ते. आणि मला निवडायला अख्खे दोन आठवडे दिले तुम्ही. रोज सकाळी ते पांढरं उघडायचे, बघायचे, घडी घालायचे. तुम्ही पांढरं कधी नेसला? दाजी गेल्यावर तुम्ही लाल कोट घालून फिरत होता, फोटो पाठवला होता. सासूबाई सांगायच्या, अक्का विमानात इरकल नेसून गेली, उतरल्यावर थंडीनं काकडली असेल माझी पोर. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पांढरं घेऊन परत दुकानात गेले. मालक ओशाळला. "काकू, दुसरं काय बी परत घेतो. ह्ये न्हाई घेता येत." बरोबरच होतं त्याचं. मग मी दुसरं घेतलं. इरकल. मोरपिशी अंग आणि लाल पदर.

इंदूकाकूंनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, नवरा गेलेल्या बाईला असलं? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "आमच्या तिकडं चालतंय."

आणि मीच थबकले. इंदूकाकू माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांच्याकडे. मी, जिनं मुंबईच्या पुढं पाय टाकलेला नाही. कुठलं आमचं, कुठलं तिकडं! पण तोंडातून निघून गेलं ते गेलं, आणि खरं सांगू का, परत घ्यावंसं वाटलं नाही.

मग वेळ होताच हाताशी, म्हणून फॉल लावला. हसू नका. मयताच्या लुगड्याला कुणी फॉल लावतं का? नेसून चालायचं नाही, बसायचं नाही, काठ घासायचा नाही. पण फॉल न लावलेली साडी माझ्या हातून आजवर घराबाहेर गेलेली नाही, आणि तुमची पहिली कशी जाईल? पिको केलं. ब्लाऊज शिवला. माप माझ्याकडं होतंच, गेल्या हिवाळ्याचं. अनिता म्हणाली, आई खूप वाळली होती. म्हणून दंडात आणि कमरेत कमी केलं, पण आतून माया भरपूर ठेवली, लागलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. शिवून झाल्यावर लक्षात आलं की आता कोण उसवतंय. मग मी मशीनवर डोकं ठेवून रडले. तोवर रडलेच नव्हते मी, घोळच इतके होते.

कुरियरवाल्यानं विचारलं, "काकू, आत काय हाय?" म्हटलं, लुगडं. "गिफ्ट का?" म्हटलं, व्हय. त्यानं तसं लिहून घेतलं.

नेतानाचं सगळं अनितानं मोबाईलवर दाखवायची सोय केली होती. तिथं तिसऱ्या प्रहराची वेळ मिळाली होती, म्हणजे इथं साडेआठ. नेमकी तुमच्या फोनची वेळ. ताट वाढायची ती वेळ, पण मी वाढलं नाही. मशीनला टेकवून फोन ठेवला आणि समोर बसले. तुमची पेटी बंद होती. लुगडं दिसलं नाही, पण अनितानं सकाळीच फोटो पाठवला होता. पदर बरोबर खांद्यावर, निऱ्या नीट. शेजारच्या मॉरीनबाईंनी घातल्या म्हणे, तुम्हीच शिकवलेल्या. फॉल दिसत नव्हता. फॉल कधी दिसतो?

आणि मग त्या मॉरीनबाई बोलायला उभ्या राहिल्या. तुमच्याच वयाच्या असतील, पांढरे केस, हातात कागद नाही. तुमच्या भिंतीला भिंत लागून घर त्यांचं, एवढं मला माहीत होतं. त्यांचं इंग्रजी मला कुठून कळायला? पण एक शब्द कळला. सांगली. मी सरसावून बसले. पुन्हा सांगली. आणि लोक हसले. पुन्हा काहीतरी, पुन्हा सांगली, पुन्हा सगळे हसले, आता जरा मोठ्यानं. माझं डोकंच फिरलं. मयताला बसून आमच्या गावाला हसता? माझी नणंद तिथं पेटीत आणि तुम्हाला सांगलीची थट्टा सुचते? मी फोनवरच मॉरीनबाईंना दोन शिव्या हासडल्या, तिकडं ऐकू जात नाही हे माहीत असून. फक्त शेवटचं काहीतरी बोलल्या तेव्हा कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी अनिताला झापलंच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामी, त्या काय म्हणाल्या सांगू?"

मॉरीनबाई म्हणाल्या होत्या की ही बाई इतकी वर्षं माझी शेजारीण, आणि हिनं मला सांगलीनं जेरीस आणलं. पाऊस आला की, आमच्या सांगलीत पाऊस असा रडत नाही, येतो आणि पडून मोकळा होतो. बस वेळेवर आली की, आमच्या सांगलीत ड्रायव्हर पळत येणाऱ्यासाठी थांबतो. डॉक्टरनं अमुक दिवसांनी या म्हटलं की, आमच्या सांगलीत डॉक्टर रस्त्यात भेटला तरी जीभ बघतो. हिच्या सांगलीतली नदीसुद्धा घरात शिरण्याआधी निरोप पाठवते! तिच्या लेखी जगातलं एकही काम असं नव्हतं, जे सांगलीत जास्त बरं होत नाही. मी तिला कितीदा म्हटलं, मग जा की बाई तुझ्या सांगलीला. ती म्हणायची, जाते ना दर वर्षी, पण तिथं गेलं की मला ॲबर्डीन आठवतं.

अक्का, इथं ते आणि तिथं हे? इथं आम्हाला बस वेळेवर येते म्हणून टोचायचं आणि तिथं त्यांना बस थांबत नाही म्हणून? म्हणजे दोन्ही गावांना तुमचा सारखाच जाच! आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की तो मान फक्त आमचा. त्या मॉरीनबाईंना मी घातलेल्या शिव्या परत घेते. त्या माझ्याच जातीच्या निघाल्या, तुमच्या "आमच्या तिकडं"नं पोळलेल्या.

"आणि शेवटी काय म्हणाल्या? कुणीच हसलं नाही तेव्हा?"

अनिता म्हणाली, "त्या म्हणाल्या, आई सांगायची, आमच्या सांगलीत कुणी एकटं जेवत नाही."

खोटं किती बोलावं माणसानं! आपल्या गल्लीतच इंदूकाकू टीव्हीपुढं एकट्या जेवतात. कोपऱ्यावरचे मास्तर एकटे जेवतात. तुमचा भाऊ गेल्यापासून मी या मशीनच्या स्टुलावर ताट ठेवून एकटीच जेवते. मी अनिताला तसं सांगायला लागले आणि मधेच जीभ चावली. कारण मी एकटी कुठं जेवत होते? तुमचा भाऊ गेल्यापासून एक दिवस तरी?

अनितानं पुढचं सांगितलं ते मला आजही पुरतं पेलत नाही. दुपारचे तीन वाजले की तुम्ही कुणाचं ऐकायच्या नाहीत म्हणे. उन्हाळ्यात तिकडं घड्याळं तासभर पुढं केली की तुमची वेळही बदलायची, माझी चुकू नये म्हणून. एकदा तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा नर्सशी भांडून तुम्ही फोन मागून घेतलात, आणि मला म्हणाला, आज जरा घसा बसलाय. मॉरीनबाई त्याच वेळी चहाला यायच्या. आल्या आणि बोलायला लागल्या की तुम्ही ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "शू. सुमन जेवतेय." रोज. इतक्या वेळा की त्या बाईंना मराठीतलं तेवढं एक वाक्य येतं. त्या गप्प बसून चहा प्यायच्या, तुम्ही चहा प्यायच्या, आणि मी इथं भाकरी मोडत मनात म्हणायचे, बिचाऱ्या अक्का, किती एकट्या.

तर असं आहे. कुणासाठी यायच्या, हे मी आता विचारत नाही.

आणि तुमच्या त्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकते, उधारी नको. ते पांढरं लुगडं कपाटात पडलंय. परवा घडी घालताना मनात आलं, असू दे, माझ्या कामी येईल. आणि लगेच आतून कुणीतरी म्हणालं, छे, माझं शिराळ्याहून यायला पाहिजे. कसं पटकन आलं बघा! इतकी वर्षं सांगलीची सांगलीची म्हणून मिरवले आणि शेवटचं लुगडं मला शिराळ्याचं हवंय. मग भावजयीला फोन केला, सहज म्हणून विचारलं, काय गं, मी तिथं आले की काय बोलते? ती म्हणाली, "वन्सं, खरं सांगू का? राग न्हाई न्हवं येणार? आमच्या सांगलीत आसं, आमच्या सांगलीत तसं, दुसरं काय बी न्हाई." टरफल मारलं त्याबद्दल कान पकडते. तुम्ही जिंकला.

तुम्हाला नेल्यानंतरचे काही दिवस मात्र वाईट गेले. साडेआठ वाजले की ताट वाढायचं आणि समोर फोन ठेवून बसायचं. वाजत नव्हता. भाकरी गार व्हायची, मी ती डब्यात ठेवायची आणि सकाळी चहाबरोबर खायची. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, आई, पुण्याला ये. मी म्हटलं, बघू.

काल पुन्हा तसंच. पिठलं केलं होतं, भाकरी वाढून घेतली, बसले. आणि फोन वाजला. अनिताचं नाव. उचलला तर तुमचंच स्वयंपाकघर, तुमची ती खिडकी, टेबलावर तो चपटा खारट पाव. अनिता कडेला, आणि समोर मॉरीनबाई. कप दोन्ही हातांत धरलेला. माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि एकेक अक्षर जपून ठेवत म्हणाल्या, "सुमन जेवतेय?"

मी ताट उचलून दाखवलं. त्यांनी पाव दाखवला. आम्ही दोघी हसलो का रडलो ते अनितालाच विचारा, मला आता सांगता येणार नाही. मग त्या इंग्रजीत काहीतरी बोलल्या, चेहरा एकदम गंभीर करून, आणि अनिताकडे बघितलं. अनिता म्हणाली, "मामी, त्या विचारतायत, आई सांगायची ते खरं का? सांगलीत खरंच कुणी एकटं जेवत नाही?"

अक्का, शेजारून इंदूकाकूंच्या टीव्हीचा आवाज येत होता. मी उठून खिडकीतून हाक मारली, "काकू, ताट घेऊन इकडंच या." त्या आल्या, कुरकुरत, चष्मा पुसत, आणि फोनपुढं बसल्या. मी अनिताला म्हटलं, "सांग त्यांना. खरं हाय. आमच्या सांगलीत कुणी एकटं जेवत न्हाई."

मग आम्ही जेवलो. पिठल्यात मीठ कमी होतं.